खाडा



मी एक साधा प्राथमिक शिक्षक. १९८६ साली बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीवरच्या शाळेत रुजू झालो आणि २०२३ साली जवळच्याच दुसऱ्या एका गावातून निवृत्त झालो. मधली सारी वर्षे याच डोंगरात गेली. तेव्हा आज जे सांगणार आहे ते पुस्तकात वाचलेले नाही, शाळेच्या ओट्यावरून पाहिलेले आहे. आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

खाडा हा शब्द तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पोर शाळेत आले नाही, की आपण म्हणतो, आज त्याचा खाडा झाला. आमच्या भागात हाच शब्द आणखी एका जागी चालतो, तो म्हणजे उसाच्या फडात. मजूर आजारी पडला, बाई बाळंत झाली, कुणाच्या घरी मयत झाले, आणि एखादा दिवस कोयता चालला नाही, की मुकादम आपल्या वहीत लिहितो, खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. शाळेतला खाडा आणि फडातला खाडा हे दोन वेगळे शब्द आहेत असे मी बरीच वर्षे समजत होतो.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर हा सगळा डोंगराळ, हलक्या जमिनीचा मुलूख. पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर आणि अलीकडे कापूस. खरीप हाती आला न आला, तोच दसऱ्याच्या आसपास मुकादम वाडीवर फिरू लागतात आणि उचल वाटतात. उचल म्हणजे हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे. लेकीचे लग्न, घरातले दुखणे, सावकाराचे जुने देणे, किराणा दुकानाची उधारी, यांत ते पैसे दिवाळीच्या आतच संपतात. मग ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. भांडी, पीठ, सरपण, कोंबड्या, शेळ्या आणि लेकरे वर चढतात आणि वाडी रिकामी होते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-साताऱ्याकडे, कुणी नगर, सोलापूर, तर कुणी थेट कर्नाटकात बेळगावकडे. परत येतात ते पाडवा उलटून गेल्यावर, कधी अक्षय्य तृतीयेला.

१९५० साली प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. त्या उसाला तोडणारे हात लागत होते आणि आमच्याकडे हातांना काम नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने उरलेसुरले पायही त्या वाटेला लावले. साखरेचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. मी आपला माझ्या हजेरीपटाकडे वळतो.

पहिल्या वर्षी माझ्या शाळेचा पट होता अडतीस. पहिली ते चौथी, शिक्षक मी एकटा. दिवाळीची सुट्टी संपवून मोठ्या उत्साहाने परत आलो, शाळा उघडली, घंटा दिली, आणि अकरा मुले आली. मला वाटले, सुट्टीचा आळस आहे, दोन दिवसांत येतील. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी शाळेच्या दारात येऊन म्हणाली, “गुरुजी, घंटा कशाला वाजवताय? समदी गेली की कारखान्याला.”

त्या वर्षीच्या अहवालात मी एक वाक्य लिहिले : ‘पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था आहे.’ हे वाक्य मी कुठून आणले? आधीच्या गुरुजींच्या अहवालातून. त्यांनी बहुधा त्यांच्या आधीच्यांकडून घेतले असावे. नऊ वर्षे मी ते वाक्य लिहिले. कोणी विचारले नाही आणि मीही कधी थांबून पाहिले नाही.

१९९५ साली तिसरीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही, ती आज तिच्या संसारात आहे. गणितात फार हुशार. बोटे न मोजता हातच्याची बेरीज करायची आणि चुकलेल्या मुलाच्या पाटीकडे असे बघायची, की ते पोर आपोआप पुसायला लागे. दसऱ्याला कळले, की तिच्या बापाने उचल घेतली आणि मुलगीही बरोबर जाणार. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. चांगला अर्धा तास बोललो. शिक्षणाचे महत्त्व, मुलीचे भविष्य, पालकांचे कर्तव्य, सगळे सांगितले. त्या काळी मागास वर्गांतल्या गरीब मुलींना शाळेत हजर राहण्यासाठी दिवसाला एक रुपया भत्ता असे, तोही सांगून पाहिला. बाप खाली मान घालून ऐकत होता. आई चुलीपुढे होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “गुरुजी, हिला ठिवून घ्या, माझं काय बी म्हणणं न्हाई. पर हे धाकटं कुठं ठिवू तेवढं सांगा. एक रुपायात लेकरू संबाळाया बाई मिळंल का?”

धाकटे म्हणजे सात-आठ महिन्यांचे मूल. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी चहा घेऊन परत आलो.

माझ्या मनात ते बोचत राहिले असावे. जानेवारीत नात्यातल्या एका लग्नासाठी सांगलीकडे जाण्याचा योग आला, तेव्हा दोन दिवसांची रजा वाढवून घेतली आणि आमच्या वाडीची टोळी होती त्या फडावर गेलो. शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या शाळेतली मुले असे कुठे जात असतील तर एकदा जाऊन या. परिपत्रकात काय लिहिले आहे ते मग वेगळे वाचाल.

पहाटे चार वाजता तळावर चुली पेटल्या होत्या. थंडी अशी, की हाताची बोटे वळत नव्हती. तळ म्हणजे उघड्या रानात ओळीने उभारलेल्या कोप्या. बांबूच्या चटया, वर प्लॅस्टिकचा कागद, आत वाकूनच शिरायचे. उजाडायच्या आत माणसे फडात. नवरा बुडख्यातून ऊस तोडतो, बायको पाचट काढते, कांड्या गोळा करून मोळी बांधते, मग ती मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढते. नवरा-बायको मिळून जो एक हिशेब होतो त्याला म्हणतात एक कोयता. दोन माणसे, पण नाव लोखंडाचे. चांगला चालणारा कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस पाडतो, आणि पैसे टनावर. वाहन रात्री दहाला आले तर भरणी रात्री दहाला.

आणि त्या सगळ्या गडबडीत फडाच्या कडेला, लिंबाच्या झाडाला साडीची झोळी बांधून माझी तिसरीची मुलगी बसली होती. धाकट्याला झोका देत होती. मला पाहून ती उठून उभी राहिली, जशी वर्गात राहायची. पाणी आणणे तिचेच, दुपारची भाकर तिचीच, रडणाऱ्या पोराला पाजायला आईपर्यंत नेऊन परत आणणेही तिचेच. म्हणजे कोयत्यात माणसे दोन धरली होती, प्रत्यक्षात ती तीन होती. तिसरे नऊ वर्षांचे होते आणि त्याला टनात जागा नव्हती.

संध्याकाळी कोपीपुढे बसलो असताना तिने आपली वही आणली. वहीत अभ्यास नव्हता, पण मागच्या पुठ्ठ्यावर कोळशाने आणि पेन्सिलीने रेघा ओढलेल्या होत्या. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, “गुरुजी, ही आमच्या खाड्याची मोजदाद. मुकादमाच्या वहीत पाच झालेत. आमच्यात तीनच हायेत.” दहा कोयत्यांच्या त्या टोळीत कारखान्याच्या काट्यावरची वजनाची पावती वाचणारी ती एकटी होती. संध्याकाळी बाप्ये माणसे पावत्या घेऊन तिच्याकडे येत आणि ती आकडे वाचून सांगे. कुणी म्हणे, परत वाच. ती परत वाचे.

अनास्था! मला माझ्याच वाक्याची लाज वाटली. ज्या माणसांना तिसरीच्या पोरीच्या वाचनाचा रोज संध्याकाळी उपयोग होत होता, त्यांना शिक्षणाची किंमत मी सांगायला गेलो होतो.

इथपर्यंतची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. पुढची फारशी सांगितलेली नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारने प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. तेव्हा शिजवलेले अन्न नव्हते. ते २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर हळूहळू आले. आधी मिळत असे ते महिन्याला तीन किलो तांदूळ, आणि तोही ज्या मुलाची हजेरी शेकडा ऐंशी भरेल त्यालाच. आता तुम्हीच विचार करा. पोर फडात, आजी वाडीवर. आजीला वर्षातले सहा महिने घर एकटीने राखायचे. तिच्या नातवंडाच्या नावापुढे मी ‘ग’ लिहिला, की आजीचे तीन किलो तांदूळ गेले. नाही लिहिला, की ते तिच्या पदरात पडले. मी काय केले असेल? मी ‘ह’ लिहिला. अठ्ठावीस पोरांपुढे ‘ह’ लिहिला. शिवाय पट घसरला तर शाळेवर गंडांतर, ही भीती होतीच. ती मी त्या वेळी स्वतःशीही कबूल केली नसती. तांदूळ आजीसाठी, असेच मनाला सांगत होतो.

खोटे सांगत नाही, मला त्यात पुण्य वाटत होते.

पुढे सर्व शिक्षा अभियानाचे दिवस आले. वरून एक तक्ता आला. आपल्या शाळेतील पालकांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांची संख्या भरा. असे तक्ते आधीही येत. मी हजेरीपट उघडला. हजेरीपटाप्रमाणे माझ्या शाळेतले एकही मूल कुठे गेले नव्हते. सगळी अडतीसच्या अडतीस दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत माझ्यासमोर बसून पाढे म्हणत होती. त्या रकान्यात मी जे दरवर्षी लिहीत आलो होतो तेच लिहिले : ‘निरंक’.

कचेरीत ज्यांनी काम केले आहे त्यांना या शब्दाची ताकद माहीत आहे. निरंक म्हणजे प्रश्नच नाही. आणि जिथे प्रश्नच नाही तिथे त्याच्यावर खर्च कसला मंजूर होणार? शेजारच्या एका गावच्या बाईंनी खरी नावे लिहिली. मुले गैरहजर का, म्हणून त्यांना चार प्रश्न विचारले गेले, बोलणीही बसली असतील. पण त्यांच्या गावाला हंगामी वसतिगृह मिळाले. आमच्या वाडीला मिळाले नाही.

हंगामी वसतिगृह म्हणजे मोठी इमारत नव्हे. आईबाप गेले तरी मूल गावातच आजीपाशी, चुलत्यापाशी राहते, आणि दोन वेळचे जेवण शाळेत होते. झोपायला आपल्या घरी. गावातलीच एखादी बाई स्वयंपाक करते, शाळेची व्यवस्थापन समिती हिशेब ठेवते. एवढेच. पण ‘धाकटं कुठं ठिवू’ या प्रश्नाचे नसले, तरी ‘थोरलं काय खाईल’ याचे हे उत्तर आहे. आणि ते उत्तर माझ्या एका शब्दाने वाडीच्या दारातून परत गेले.

त्या मुलीचे काय झाले? चौथीत ती पुन्हा दिवाळीला गेली. माझ्या हजेरीपटावर मात्र होती. मे महिन्यात मी तिला पास केले. पाचवीची शाळा चार किलोमीटरवर, तिकडे ती गेलीच नाही. पंधरा वर्षे पूर्ण होण्याच्या आतच लग्न झाले. त्याचेही कारण ऐका, कारण शहरात बसून लोक फक्त चालीरीतींना दोष देतात. एकट्या पोराला मुकादम उचल देतो ती अर्ध्या कोयत्याची. लग्न झाले की कोयता पुरा होतो. शिवाय वयात आलेली पोरगी कोपीत एकटी ठेवायची कशी, ही आईच्या जिवाला दुसरी घोर. मुलीचे वय अठरा पाहिजे असे कायदा सांगतो. बालविवाहाला बंदी करणारा नवा कायदा २००६ साली झाला. कायदा योग्यच आहे, पण अर्धा कोयता मोडून त्याचा पुरा करण्याची घाई ज्या हिशेबात आहे, त्या हिशेबाला त्याने हात लावलेला नाही.

२००९ च्या जून महिन्यात मी दुसऱ्या गावी होतो. पहिलीचे प्रवेश चालले होते. एक बाई मुलीला घेऊन आली. मी नाव विचारले, तिने मुलीचे सांगितले, मग पदर सावरून म्हणाली, “मला वळखलं न्हाई का गुरुजी?” मी खरेच ओळखले नव्हते. बावीस-तेवीस वर्षांची बाई चाळिशीची दिसत होती. मान आखडलेली, डोक्यावर मोळ्या वाहून वाहून टाळूवरचे केस विरळ झालेले.

बोलणे निघाले. मी म्हटले, तू फार हुशार होतीस. ती हसली. मग जे बोलली ते मी जसेच्या तसे सांगतो.

“तुम्ही आज्जीला माझ्या नावावर तांदूळ दिलं. आज्जी मरस्तोवर तुमचं नाव काढायची. पर गुरुजी, चौथी पास म्हणून दाखला हाय माझ्यापाशी, अन् चौथीतलं काय बी येत न्हाई. माझी चौथी कुठं गेली ते मलाच कळलं न्हाई. हिचं तसं नका करू. ही न्हाई आली तर न्हाई आली म्हणून लिव्हा.”

इतक्या वर्षांत साहेबांनी तपासण्या केल्या, शेरे दिले. असा शेरा मला कोणी दिला नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आठ दिवस मी घरोघर फिरलो. कोण जाणार, कोण राहणार, राहणारे कोणाकडे राहणार, सगळे नावानिशी लिहून घेतले. प्रस्ताव केला. मंजुरी आली, पण पैसे यायला डिसेंबर उजाडला. ट्रक तर नोव्हेंबरातच गेले होते. मधल्या तीन आठवड्यांत एकवीस मुलांनी काय खायचे? बचत गटातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. एका घरी चार भाकरी जास्त, दुसऱ्या घरी वरण. माझ्याही घरी रोज सहा मुले जेवत. माझी बायको पहिल्या दिवशी कुरकुरली होती, हेही सांगायला हवे. तिसऱ्या दिवशी ती एका मुलाला दुसरी वाढायला विसरलो म्हणून मलाच बोलली.

सगळे साधले असे नाही. पाच मुलांना त्यांचे आईबाप जानेवारीत येऊन घेऊन गेले, धाकट्यांसाठीच. बारा वर्षांच्या वरच्या मुली कोणी मागे ठेवीना. मीही आग्रह धरू शकलो नाही, कारण सत्तरीच्या, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजीच्या भरवशावर मी माझी मुलगी ठेवली असती का? त्या पाचांच्या आणि त्या मुलींच्या नावांपुढे मी ‘ग’ लिहिले. हात जड झाला, पण लिहिले. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात ते आकडे गेले.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा, मग ते कुठल्याही जिल्ह्यात असो. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी तालुक्याच्या गावी शासकीय वसतिगृहांची योजना झाली. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये शेकडा ३४ ने वाढला. ही सगळी चांगली पावले आहेत आणि त्यांसाठी पुष्कळांनी भांडण केले आहे. पण खाडा अजून तिथेच आहे. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, चौकशी समिती नेमली गेली. लोकांना नवल वाटले, की तरण्याताठ्या बाया असे का करून घेतात? कारणे अनेक असतील, डॉक्टरांचीही असतील. पण महिन्याच्या त्या चार दिवसांतही मोळी उचलावी लागते आणि बसून राहिले तर दंड होतो, हे त्या पोरीच्या वहीचा पुठ्ठा पाहिलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

त्या बाईची मुलगी शाळेत राहिली. मधली दोन वर्षे तिचीही फडात गेली. धाकटा भाऊ झाला तेव्हा. ती दोन्ही वर्षे हजेरीपटावर लाल शाईने गैरहजर आहेत. परत आल्यावर त्या पटावरूनच आम्ही पाहिले, की तिचे नेमके कोणते धडे बुडाले. उन्हाळ्यात रोज सकाळी शाळेच्या ओट्यावर बसवून ते भरून काढले. भागाकार तिला अवघड गेला, अपूर्णांक नाही गेले. २०१९ साली ती दहावीला बसली. तिची आई त्या वेळी कर्नाटकात होती. निकाल मीच फोनवरून कळवला. पलीकडे बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मग तिने विचारले, “गणितात किती पडलं?”

मी सांगितले. ती म्हणाली, “परत सांगा.”

मी परत सांगितले.